पियानो वायर: ओळखायची कशी, वाकवायची कशी आणि जोड कसा द्यायचा?

शिकाऊ_हात

नमस्कार. गेली दोन वर्षे मी बाल्सा लाकडाची रेडिओ-नियंत्रित विमाने बनवतो. आतापर्यंत संचाबरोबर आलेले लँडिंग गिअर (चाकांचे पाय) जसेच्या तसे बसवत आलो, त्यामुळे तारेशी माझा कधी संबंध आला नव्हता. सध्याचे विमान मात्र आराखड्यावरून स्वतः उभे केले आहे. त्याच्या पंखांची लांबी १.५ मीटर असून बॅटरीसह वजन दीड किलोच्या आसपास भरते. चाकांच्या पायांसाठी आराखड्यात ‘३ मि.मी. पियानो वायर’ (वाकून परत सरळ होणारी स्प्रिंगची पोलादी तार) एवढेच लिहिलेले आहे, आणि तेवढ्या तीन शब्दांनी मला महिनाभर झुलवले आहे.

पहिल्या वेळी मी हार्डवेअरच्या दुकानातली ३ मि.मी. जाडीची जस्ताचा मुलामा दिलेली तार आणली. हातात धरल्यावर ती चांगली ताठ वाटली, परंतु पहिल्याच उतरणीला दोन्ही पाय बाजूला फाकले आणि विमानाने धावपट्टीवर मांडी घातली. दुसऱ्या वेळी एका परिचितांकडून खरी पियानो वायर मिळाली. ती पकडीने वाकेना, म्हणून गॅस टॉर्चने लाल होईपर्यंत तापवली. मग ती लोण्यासारखी वाकली, आणि मैदानावर बरोबर त्याच जागी पुन्हा लोण्यासारखीच वाकली. तिसऱ्या वेळी न तापवता, दातेरी पकडीने, बराच जोर लावून पाय वाकवले. कोन चुकल्यामुळे दोन-तीनदा मागे-पुढे करून ते दुरुस्त केले. हे पाय चार उतरणींपर्यंत टिकले आणि पाचव्या वेळी डावा पाय कट्‌ असा आवाज होऊन तुटला. तुटलेली जागा भिंगाखाली पाहिली तेव्हा ती पकडीच्या दात्याच्या खुणेतूनच सुरू झालेली दिसली.

माझे प्रश्न असे आहेत. दुकानदार ‘हीच ती’ म्हणून जी तार देतो ती खरोखर पियानो वायर आहे की नाही, हे कसे ओळखावे? ती न तापवता नीट कशी वाकवावी? मुख्य पायाला मागचा आधाराचा पाय जोडायचा आहे, तो सोल्डरने जोडला तर चालेल का? आणि ३ मि.मी. तार सहज मिळत नाही, २ मि.मी. मात्र मिळते, ही तार एवढी मजबूत असते तर २ मि.मी. वर भागणार नाही का?

---

कानस_करवत

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

तारेची मजबुती आणि तारेचा ताठपणा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि नवख्या माणसाची फसगत नेमकी इथेच होते. पोलाद कोणतेही असो, मऊ असो वा कडक, त्याचा स्थितिस्थापकतेचा गुणांक (ताठपणाचे माप) २०० ते २१० गिगापास्कलच्या आसपासच असतो. म्हणजे सारख्या जाडीची साधी तार आणि पियानो वायर सारख्याच वजनाखाली सारखीच वाकतात. फरक पडतो तो वजन काढल्यावर. पियानो वायर परत येते आणि साधी तार वाकलेलीच राहते. आपल्याला हार्डवेअरच्या दुकानातली तार हातात ‘चांगली ताठ’ वाटली यात आपल्या हाताची काहीच चूक नव्हती. ती खरोखरच तेवढी ताठ होती, फक्त तिची परत येण्याची हद्द फार लवकर संपत होती.

आकड्यांत पाहू. पाय १२० मि.मी. लांब आणि एका टोकाला आडवा घट्ट धरलेला आहे असे समजा, आणि दुसऱ्या टोकाला एक किलो वजन टांगा. ३ मि.मी. तारेचे टोक सुमारे ७ मि.मी. खाली जाईल आणि तारेतला जास्तीत जास्त ताण ४५० मेगापास्कलच्या आसपास असेल. साधी मऊ तार या ताणाला कायमची वाकते. ३ मि.मी. पियानो वायरचे ताणसामर्थ्य (तुटण्याआधी सोसता येणारा ताण) साधारण १९०० मेगापास्कल असल्यामुळे तिला हा ताण जाणवतही नाही. उतरताना बसणारा धक्का विमानाच्या वजनाच्या तिप्पट धरला, तर दीड किलोच्या विमानात प्रत्येक पायावर सव्वादोन किलो येतात. तेव्हा पाय १६ मि.मी. वाकतो, ताण हजार मेगापास्कलपर्यंत जातो, आणि तरीही तो सरळ होतो. चाकाच्या पायाकडून आपल्याला हेच तर हवे असते.

आता तेच एक किलो वजन २ मि.मी. तारेला टांगा. ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो, म्हणून २ मि.मी. तार ३ मि.मी. तारेच्या पाचपट वाकेल. टोक सुमारे ३५ मि.मी. खाली जाईल आणि ताण १५०० मेगापास्कलच्या आसपास पोहोचेल. तार तुटणार नाही कदाचित, परंतु विमान जमिनीवर उभे असतानाच बदकासारखे बसेल आणि प्रोपेलर जमिनीला लागेल. मजबूत तार घेतल्याने जाडीची बचत होत नाही. २.५ मि.मी. मिळाली तर पाय थोडा आखूड करून जमवता येईल, २ मि.मी. या विमानासाठी विसरून जा.

(आपण विचारलेले नाही, पण विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. सुकाणू हलवणाऱ्या पुशरॉडच्या बाबतीत हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसते. १ मि.मी. जाडीचा, ३०० मि.मी. लांबीचा आधाराविना असलेला पुशरॉड जेमतेम ११० ग्रॅम ढकलताच बाजूला फुगतो, मग तो पियानो वायरचा असो की बांधायच्या तारेचा. तिथे महागडी तार वापरून काहीही मिळत नाही. नळीचा आधार द्यावा, किंवा जाडी वाढवावी.)

तापवण्याबद्दल. या तारेला आलेली ताकद भट्टीतून काढून पाणी दिल्याने आलेली नसते. ०.७ ते १ टक्का कार्बन असलेले पोलाद आधी तापवून वितळलेल्या शिशाच्या कुंडातून नेतात, त्यामुळे त्याची आतली रचना अत्यंत बारीक पदरांची होते. मग ते थंड अवस्थेतच एकामागून एक लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढतात. ओढताना हे पदर तारेच्या दिशेने लांबट आणि घट्ट होत जातात, आणि ताकद येते ती या ओढण्यातून. म्हणूनच तार जितकी बारीक, तितके तिचे ताणसामर्थ्य जास्त: १ मि.मी. ला ते २२०० च्या घरात असते आणि ०.५ मि.मी. ला २४०० च्याही वर जाते. आपण टॉर्च लावलात तेव्हा कारखान्याने केलेली ही सगळी मेहनत दहा सेकंदांत मोडीत निघाली.

वाकवण्याची माझी पद्धत अशी आहे. प्रथम मऊ तांब्याच्या तारेचा नमुना वाकवून विमानावर धरून पाहतो. तांबे शंभरदा चुकले तरी हरकत नसते. पोलादाला एकच संधी द्यायची. मग खुणा मार्कर पेनाने करतो, सुईने किंवा कानशीने कधीच नाही, कारण ओरखडा म्हणजे पुढच्या भेगेला दिलेले आमंत्रण असते. तार व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) धरताना जबड्यांना पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावतो. बाकाच्या (तार वाकवायच्या जागेच्या) आतल्या बाजूला ६ ते ८ मि.मी. व्यासाचा गुळगुळीत पोलादी दांडा उभा धरतो, म्हणजे आतली त्रिज्या निदान तारेच्या जाडीएवढी तरी राहते. तारेच्या मोकळ्या टोकावर एक फूटभर लांबीची पोलादी नळी चढवतो, ती बाकाच्या अगदी जवळ आणतो आणि एकाच संथ, सलग दाबाने वाकवतो. हातोडी वापरत नाही. तार सोडली की ती काही अंश मागे येते; ३ मि.मी. तारेला काटकोन हवा असेल तर मला साधारण १०५ अंशांपर्यंत न्यावे लागते, परंतु आपल्या दांड्याच्या व्यासावर हा आकडा अवलंबून असल्यामुळे आधी एका तुकड्यावर पाहून घ्यावे. कोन कमी पडला तर पुढे ढकलता येतो. जास्त झाला तर मागे आणू नये. तो तुकडा बाजूला ठेवावा आणि दुसरा घ्यावा. आपला पाचव्या उतरणीचा अपघात दात्यांची खूण आणि मागे-पुढे वाकवणे या दोहोंच्या संगनमताने झालेला आहे.

बाकांचा क्रमही महत्त्वाचा आहे. मधल्या आडव्या भागापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना बाहेर जावे आणि चाकाच्या आसाचा बाक सर्वांत शेवटी द्यावा, नाहीतर नळी चढवायला जागाच उरत नाही. विमानाच्या पोटात लाकडी ठोकळ्याला खाच पाडून तारेचा जो आडवा भाग बसतो तो जितका लांब ठेवता येईल तितका ठेवावा, कारण पाय मागे ढकलला गेला की हा भाग पिळला जातो आणि धक्क्याचा मोठा वाटा स्वतःकडे घेतो. मी तो भाग एकदा आखूड केला होता, तेव्हा ठोकळाच उपटून हातात आला.

---

पांढरी_पाच

मी विमाने बनवत नाही. पियानो दुरुस्त करतो. आमच्या तारेची विमानाच्या पोटाखाली काय हालत होते हे वाचून करमणूक झाली, म्हणून ओळखण्याबद्दल आणि मिळवण्याबद्दल थोडे लिहितो.

एक गोष्ट प्रथम स्पष्ट करायला हवी. खऱ्या पियानोत ३ मि.मी. ची साधी तार नसते. आमच्या साध्या तारा साधारण ०.८ ते १.२ मि.मी. च्या असतात, आणि खालच्या सुरांना तांबे गुंडाळलेल्या तारा लागतात. प्रत्येक तारेवर सत्तर-ऐंशी किलोंचा ताण वर्षानुवर्षे असतो. असा ताण सहन करणाऱ्या तारेच्या शोधातूनच शिशाच्या कुंडाची ती प्रक्रिया पुढे आली. बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉल यांनी १८५४ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि तेव्हापासून त्या प्रक्रियेलाच ‘पेटंटिंग’ म्हणू लागले. पुढे याच जातीच्या तारेने पुलांपासून घड्याळांपर्यंत सगळीकडे शिरकाव केला आणि नाव मात्र आमच्या वाद्याचे राहिले. तेव्हा दुकानात ‘पियानो वायर’ या नावाने विचारून कोणी गोंधळला, तर ‘म्युझिक वायर’ किंवा ‘स्प्रिंगची हाय कार्बन तार’ म्हणावे.

जाडी नेहमी मिलिमीटरमध्येच सांगावी. गेजच्या आकड्यांवर (जाडीच्या क्रमांकांवर) विसंबू नये, कारण दोन पद्धती एकमेकींच्या बरोबर उलट्या चालतात. नेहमीच्या (ब्रिटिश) वायर गेजमध्ये आकडा वाढला की तार बारीक होते. आमच्या पियानोच्या क्रमांकांत आकडा वाढला की तार जाड होते. आमची १३ नंबर ०.७७५ मि.मी. ची आणि २० नंबर १.१२५ मि.मी. ची असते, साध्या वायर गेजमध्ये २० नंबर म्हणजे ०.९१४ मि.मी. आणि १४ नंबर म्हणजे चक्क २ मि.मी. च्या वर. माझ्याकडे एकदा अशाच गोंधळातून भलतेच वेटोळे आले होते. मायक्रोमीटर खिशात घेऊन जावे; तो नसेल तर व्हर्नियर न्यावा.

खरी की खोटी हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. २ मि.मी. जाडीची मीटरभर तार ३० सें.मी. व्यासाच्या बादलीभोवती हाताने गुंडाळा आणि सोडून द्या. सोडताना तोंड बाजूला ठेवा. पियानो वायर झटक्यात उलगडून जवळपास सरळ होते. बांधायची तार बादलीचा आकार धरून बसते. ३ मि.मी. तारेसाठी वर्तुळ त्याच प्रमाणात मोठे, ४५ सें.मी. च्या आसपास घ्यावे. ग्राइंडरवर टोक टेकवले तर उच्च कार्बनच्या तारेतून फुटणाऱ्या, फुलबाजीसारख्या ठिणग्या निघतात आणि मऊ तारेतून लांब, सरळ रेषा निघतात. लोहचुंबकाचा इथे काही उपयोग नाही. साध्या पोलादाच्या सगळ्याच तारा त्याला चिकटतात, आणि स्टेनलेसची ओढलेली तारसुद्धा थोडी चिकटते, कारण थंड ओढण्याने तिची अंतर्रचना बदलते.

प्रत्येक वेटोळे तपासावे, हे मुद्दाम सांगतो. ब्रुकलिनच्या झुलत्या पुलाचे काम चालू असताना तारेच्या कंत्राटदाराने तपासणीत पास झालेली वेटोळी वाटेत काढून घेऊन त्यांच्या जागी नापास झालेली पाठवली होती. हे उघडकीला आले तेव्हा बरीच वाईट तार दोरांत गुंफलीही गेली होती, आणि ती उणीव भरून काढायला प्रत्येक दोरात सुमारे दीडशे जादा तारा घालाव्या लागल्या. आपल्या विमानाला तेवढी सवलत नाही.

मिळण्याच्या जागा म्हणाल, तर मॉडेलच्या सामानाच्या दुकानात मीटरभर लांबीच्या सरळ कांड्या मिळतात आणि आपल्या कामासाठी त्याच सर्वांत सोयीच्या असतात. स्प्रिंग बनवणाऱ्या कारखान्यांत मात्र हीच तार वेटोळ्याने येते आणि ते उरलेले तुकडे वजनावर देतात. ३ मि.मी. तारेचा एक मीटर साधारण ५५ ग्रॅम भरतो आणि २ मि.मी. चा २५ ग्रॅम, म्हणजे पाव किलोत आपले वर्षभराचे काम होईल. बारीक कामासाठी गिटारच्या साध्या तारा उत्तम, त्यांतली ०.०१० इंचाची तार म्हणजे ०.२५ मि.मी. ची. सायकलचे आरे २ मि.मी. किंवा १.८ मि.मी. चे असतात आणि मागच्या लहान चाकासाठी चालतात, परंतु त्यांची ताकद पियानो वायरपेक्षा बरीच कमी असते. वेल्डिंगची कांडी कोणी सुचवली तर नम्रपणे नकार द्यावा; ती मऊच असते.

---

शिकाऊ_हात

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बादलीचा प्रयोग टबाभोवती करून पाहिला आणि माझ्याकडे असलेल्या आणखी एका तारेनेही हार्डवेअरच्या तारेसारखीच टबाची आठवण जपून ठेवली. स्प्रिंगच्या कारखान्यातून ३ मि.मी. चे वेटोळे आणले आहे. बांधलेली तार कापताच ते अक्षरशः अंगावर आले आणि टेबलावरची बाटली पाडून गेले. हे आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

दोन शंका उरल्या आहेत. या वेटोळ्यातल्या तारेला जो मूळचा बाक आहे तो घरी काढता येईल का? आणि एका अनुभवी मित्राने असे सुचवले आहे की लाल तापवून वाकवावे, मग पुन्हा लाल करून तेलात बुडवावे आणि निळा रंग येईपर्यंत हलकेच तापवावे, म्हणजे पोलादाचे पाणी (कडकपणा) परत येते. हे खरे आहे का?

---

डागकाम

वेटोळ्याबद्दल पांढरी_पाच यांनी लिहायला हवे होते. त्यांच्या हाताला सवय असल्यामुळे राहून गेले असावे. डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय वेटोळ्याचे बंध कापू नयेत. वेटोळे खोक्यात ठेवून, झाकणाला पाडलेल्या भोकातून आतले टोक बाहेर ओढावे आणि लागेल तेवढीच तार कापून घ्यावी. तोच नियम तोडण्याला लागू आहे: तांब्याच्या तारेसाठी असलेल्या कटरने ही तार कापायला गेलात तर कटरच्या धारेला अर्धगोल खाच पडते आणि कापलेला लहान तुकडा गोळीसारखा उडतो. तो तुकडा हातात धरूनच कापावा, बारीक कटिंग डिस्कने कापावा, आणि टोकाचा निळा झालेला भाग व धार कानशीने घासून काढावी.

वेटोळ्याचा बाक घरी काढण्याच्या भानगडीत पडू नका. कारखान्यात तार फिरत्या रोलरांतून नेऊन सरळ करतात. हाताने सरळ करताना जागोजागी बारीक लाटा राहतात आणि त्या नंतर कशानेही जात नाहीत. सुदैवाने आपला सर्वांत लांब सरळ भाग १२० मि.मी. चाच आहे आणि वेटोळे मोठे असेल तर तेवढ्या लांबीत बाक जाणवणारही नाही. तो बाक दोन्ही पायांत एकाच दिशेला, म्हणजे बाहेर किंवा आत, येईल एवढी काळजी घ्या.

आपल्या मित्राचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. या पोलादात पुरेसा कार्बन असल्यामुळे ते लाल करून तेलात बुडवले तर कडक होते आणि नंतर सुमारे ३०० अंश सेल्सिअसला, म्हणजे निळा रंग येईपर्यंत तापवले तर ते स्प्रिंगसारखे वागते. लहानसहान चपटी स्प्रिंग मी अशीच बनवतो. अडचण आहे ती लांबीची. टॉर्चने आपण बाकाजवळचे दोन सेंटिमीटर लाल करतो. त्याच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा असा राहतो की जो लाल झालेला नसतो, पण ४००-५०० अंशांपर्यंत पोहोचलेला असतो. त्या पट्ट्याचे मूळचे पाणी उतरलेले असते आणि तेलात बुडवून नवे चढलेले नसते. पाय तिथे वाकतो. पूर्ण पाय भट्टीत घालून एकसारखा तापवण्याची सोय असेल तर करावे, नाहीतर कानस_करवत यांची थंड पद्धतच बरी.

आता जोडाबद्दल, कारण तो प्रश्न अजून तसाच आहे. मऊ सोल्डरने हा जोड होतो आणि नीट केला तर मजबूत होतो, मात्र त्याची मजबुती सोल्डरची नसून बांधणीची असते. दोन्ही तारा जोडाच्या लांबीत, म्हणजे २० ते २५ मि.मी. पर्यंत, एमरी पेपरने चकचकीत होईपर्यंत घासाव्यात. घासण्याची दिशा तारेच्या लांबीला समांतर असावी. आडवे ओरखडे नकोत. मग दोन्ही तारा शेजारी ठेवून त्यांवर ०.५ मि.मी. ची मऊ तांब्याची तार वेढे अगदी जवळजवळ येतील, पण मध्ये कणभर फट राहील अशी गुंडाळावी. इलेक्ट्रॉनिक्सच्या सोल्डरमधला राळेचा फ्लक्स (धातू स्वच्छ करून सोल्डर पसरू देणारा पदार्थ) इथे पुरा पडत नाही. झिंक क्लोराइडचा आम्लधर्मी फ्लक्स घ्यावा. आपला ३० वॉटचा सोल्डरिंग आयर्न इथे थकून जाईल, कारण ३ मि.मी. पोलाद उष्णता झपाट्याने ओढून घेते. शंभर वॉटचे जाड टोकाचे आयर्न वापरावे. सोल्डर आयर्नला न लावता तारेला टेकवावे. ते वेढ्यांच्या फटींतून आपणहून आत ओढले जाऊन दुसऱ्या बाजूला डोकावले की जोड झाला असे समजावे. वर गोळा साठवून काही फायदा नाही.

६३-३७ चे टिन-शिसे सोल्डर १८३ अंशांना वितळते, आणि शिशाविरहित सोल्डर साधारण २१७ ते २२७ अंशांच्या दरम्यान. एवढ्या तापमानाला ही तार थोड्या वेळात काही गमावत नाही. चांदीच्या डागाला (चांदीमिश्रित धातू वितळवून दिलेल्या जोडाला) मात्र ६०० अंशांच्या वर जावे लागते, म्हणून तो कितीही पक्का असला तरी इथे निषिद्ध आहे. शेवटी जोड खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने स्वच्छ धुवावा, पुसून कोरडा करावा आणि लगेच तेलाचा हात फिरवावा. हे राहिले तर दुसऱ्या दिवशी सकाळी जोडाभोवती तांबूस गंज फुललेला दिसतो.

---

कानस_करवत

डागकाम यांच्या पद्धतीला माझा विरोध नाही, परंतु मी स्वतः मुख्य पायावर जोड देणे टाळतो. मागचा आधार वेगळ्या खाचेत बसवतो आणि दोन्ही तारा जिथे एकत्र येतात तिथे त्या फक्त तांब्याच्या तारेने घट्ट बांधून ठेवतो. धक्का बसला की दोन तारा एकमेकींवर किंचित सरकतात आणि त्या घर्षणात थोडी ऊर्जा जिरते. जड विमानाला हे पुरत नाही, हेही मान्य करतो.

एक सूचना मात्र राहून गेली होती. वाकवल्यावर तारेत आतले ताण शिल्लक राहतात. स्प्रिंग बनवणारे लोक पियानो वायरची स्प्रिंग वळल्यावर ती २०० ते २३० अंशांवर वीस-तीस मिनिटे ठेवतात. त्याने वळण स्थिर होते आणि तार अधिक टिकते. वाकवलेले पाय ओव्हनमध्ये मावत असतील तर हे जरूर करावे. तारेवर फिकट पिवळसर छटा आली तर ती योग्य तापमानाची खूण समजावी, निळी झाली तर आपण फार पुढे गेलात.

---

शिकाऊ_हात

पाय तयार झाले. तिसऱ्या प्रयत्नात कोन जमला. पहिले दोन तुकडे जपून ठेवले आहेत. विमानावर चढवण्याआधी पाय व्हाइसमध्ये आडवा धरून वजने टांगून पाहिली. एक किलोला टोक ८ मि.मी. खाली गेले, म्हणजे हिशोबापेक्षा एक मिलिमीटर जास्त. तो बहुधा व्हाइसच्या पकडीतला ढिलेपणा असावा. दोन किलोला साधारण १५ मि.मी. वाकले आणि वजन काढताच पट्टीवरच्या पहिल्या खुणेवर परत आले. मग कुतूहल म्हणून जुनी हार्डवेअरची तार त्याच जागी लावली. अर्ध्या किलोला दोन्ही तारा डोळ्यांना अगदी सारख्याच वाकताना दिसल्या, हे पाहून खरोखर आश्चर्य वाटले. दोन किलोला मात्र ती खाली गेली ती तिथेच राहिली.

वेटोळ्यावर काही ठिकाणी गंज आहे. तो काढायला उरलेली तार रात्रभर हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ठेवावी असा विचार आहे. आणि उद्या सोल्डर करून मग सगळे एकदम ओव्हनमध्ये घालतो.

---

डागकाम

कृपया दोन्ही थांबवा.

आम्लात पोलादावर हायड्रोजन तयार होतो आणि तो अशा उच्च ताकदीच्या तारेत शिरून तिला ठिसूळ करतो. तार जितकी मजबूत तितका हा धोका जास्त, आणि त्याची वरून काहीही खूण दिसत नाही. अशी तार वाकवताना निमूटपणे वाकते आणि ताणाखाली काही तासांनी किंवा दिवसांनी आपोआप तुटते. गंज बारीक एमरी पेपर आणि तेलाने, लांबीच्या दिशेने घासून काढा. घासल्यावर खाली नखाला लागणारे खड्डे राहिले असतील तर तेवढा भाग पायासाठी वापरू नका. पुशरॉडला किंवा पतंगाच्या फिरकीला तो चालेल. उरलेली तार तेलाने भिजवलेल्या कागदात गुंडाळून ठेवा.

आणि ओव्हन आधी, सोल्डर नंतर. आपले सोल्डर १८३ अंशांना वितळते आणि ओव्हन २०० च्या वर लावायचा आहे. उलट क्रमाने केलेत तर अर्ध्या तासाने दार उघडल्यावर सोल्डर ट्रेवर सांडलेले असेल आणि आधाराचा पाय नुसत्या तांब्याच्या वेढ्यांवर लोंबकळत असेल.

---

शिकाऊ_हात

आम्लाची बाटली कपाटात परत ठेवली. ओव्हन आत्ता चालू केला आहे. त्यात फक्त पाय आहेत.